अ‍ॅग्नेसच्या नावाचे डबे

जानेवारी लागला की इथली उन्हं मवाळ होतात. आठ-नऊ महिने अखंड चालणारी एसीची घरघर थांबते आणि घरातले आवाज पुन्हा ऐकू यायला लागतात. नळ, कुकर, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची. खिडकी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बारीक धुळीचा थर बसतो, पण या दिवसांत खिडकी बंद करायला कुणाचाच हात होत नाही.

याच दिवसांत सुजाता, माझी बायको, वही घेऊन नावं लिहायला बसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत इथे कतारमध्ये, दोह्यातल्या मराठी घरांत हळदीकुंकवं चालतात. शुक्रवारी एकीकडे, शनिवारी दुसरीकडे. जरीच्या साड्यांवर स्वेटर घातलेल्या बायका अल मन्सूराहून आमच्या अल रय्यानला येतात, इथल्या तिकडे जातात.

"अहो, यंदा वाण काय लुटायचं?" हा प्रश्न ती दरवर्षी विचारते. इतकी वर्षं मी मोबाइलमधून डोकं न काढता 'काहीही' म्हणत आलो. यंदा तिनं विचारलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. तिनंही पेन खाली ठेवलं. थोडा वेळ आम्ही दोघं टेबलावरच्या धुळीकडे बघत राहिलो.

"डबे सोडून काहीही," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट; सुरुवात मात्र त्याच्या तीन वर्षं आधीची. ती मला सांगायलाच हवी. का, ते ओघात येईल.

वॉल्टर माझ्याबरोबर हमद पोर्टवर होता. तो क्रेनच्या विभागात, मी कागदपत्रांच्या. तो उचलायचा, मी नोंदवायचो. मोठ्या हाडापेराचा, कमी बोलणारा माणूस. मला वाटायचं, कॅनडाचा म्हणजे गोरा असेल. तो गोरा नव्हता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जे लोक मुळापासून राहत आले आहेत, त्यांच्यातला तो. त्याच्या गावात रस्ता नव्हता म्हणे, बोट हाच रस्ता. कँटीनमध्ये माशाचा कालवण-भात असला की तो आमच्या टेबलावर यायचा आणि काटे न मोडता अख्खा मासा सोलून ठेवायचा. आमच्या रायगडचा एखादा कोळी ठेवील तसा.

त्याची आई, अ‍ॅग्नेस, तो इथे असतानाच वारली. तो जाऊन आला. परत आल्यावर काही दिवसांनी मला म्हणाला, "मला पुष्कळ वस्तू घ्यायच्यात. वाटायला. तू मदत करशील?"

तेव्हा मी पहिल्यांदा पॉटलॅच हा शब्द ऐकला. घरात कुणी गेलं, कुणाला पूर्वजांचं नाव द्यायचं असलं की त्या घरानं सगळ्या गावाला जेवायला बोलवायचं. नाच, गाणी, भाषणं, दोन-दोन दिवस. आणि शेवटी आलेल्या प्रत्येकाला भेट द्यायची. मोठं घर ते, जे जास्त वाटून टाकतं. "एके काळी सरकारनं यावर बंदी घातली होती," वॉल्टर म्हणाला. "सगळं वाटून टाकणारी माणसं त्यांना वेडी वाटायची. माझे पणजोबा जेवण घातलं म्हणून तुरुंगात गेले."

मी हसलो नाही, पण मला सुजाताची वही आठवली. आमच्याकडेही वाण 'देत' नाहीत, लुटतात. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि खूश झाला.

मग सुजाता त्याला अल मन्सूरातल्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. मी मागे पिशव्या धरून. स्टीलच्या दुकानाला एक वास असतो, पुठ्ठा आणि मशीनच्या तेलाचा. वॉल्टर प्रत्येक डबा कानाजवळ नेऊन बोटाच्या पेरानं वाजवायचा. झाकण लावायचा, काढायचा. दुकानदार कंटाळून मला म्हणाला, "साब होटल खोल रहे हैं क्या?"

"आईला आवडला असता," वॉल्टर एक डबा हातात धरून म्हणाला. घट्ट झाकणाचा, दोन किलोचा. "यात सुकवलेला सामन मासा राहील." तसले बारा खोके घेतले. एकेका खोक्यात बारा डबे.

आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात. मी त्या उत्साहात म्हटलं, इथेच मशीन आहे, प्रत्येक डब्यावर 'अ‍ॅग्नेसच्या स्मरणार्थ' घालून घेऊ. वॉल्टरनं मान हलवली.

"लिहून ठेवलं, तर लक्षात कोण ठेवणार?"

मला ते उत्तर तेव्हा नुसतं गमतीदार वाटलं.

त्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी त्यानं आम्हा सात-आठ जणांना जेवायला बोलावलं. व्हिलाच्या मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, भाजलेला मासा, भात. जेवणं झाल्यावर तो उभा राहिला. ही खरी मेजवानी नाही, ती आमच्या गावातच होऊ शकते, असं त्यानं आधीच बजावलं. मग म्हणाला, "मी आईसाठी पॉटलॅच करणार आहे. माझी मुलगी रूथ तिच्या आजीचं नाव घेणार आहे. हे मी तुमच्यासमोर बोललो. मी केलं नाही, तर मला विचारा." आणि प्रत्येकाला त्यानं एकेक लोकरी ब्लँकेट दिलं.

मी आपल्या सवयीनं 'कशाला, कशाला, उगीच' सुरू केलं. आपल्यात तीनदा नको म्हटल्याशिवाय घेता येत नाही. वॉल्टर ब्लँकेट पुढे धरून तसाच उभा राहिला, मी घेईपर्यंत.

"ही भेट नाही," घेतल्यावर तो म्हणाला. "ऐकल्याचा मोबदला आहे."

ते करड्या रंगाचं ब्लँकेट अजून आमच्या कपाटात आहे. इथल्या थंडीला ते फारच होतं.

त्या उन्हाळ्यात त्याचं काम संपलं. कंपनीनं पुढचं कंत्राट दिलं नाही. आठ दिवसांत सामान आवरायचं. खोके पाठवायची तयारी त्याच्याकडे नव्हती, मनाचीही नसावी. "तुझ्याकडे ठेव. चार महिन्यांत कळवतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "बिनधास्त राहा. माझं कामच ते आहे. तू हो म्हण, मी कंटेनरमध्ये जागा करतो." बारा खोके आमच्या जिन्याखालच्या खोलीत गेले.

चार महिने झाले. वर्ष झालं. नाताळला त्याचा एक संदेश आला, नुसता शुभेच्छांचा. मी उलट शुभेच्छा पाठवल्या. पुढच्या नाताळला तसंच. खोक्यांबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. मनाशी म्हणायचो, बिचाऱ्याला काम नाही, कशाला आठवण करून द्यायची? त्याला वाटेल, खोके न्या म्हणून मागे लागलाय. हा आपला चांगुलपणा असतो ना, न विचारण्याचा, तो मी पुरेपूर केला. खरं कारण वेगळं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खोक्यांची कागदपत्रं करून मी थकलो होतो. घरी आल्यावर आणखी एका माणसाचं काही ऐकून घ्यायचं त्राण नव्हतं.

गेल्या जानेवारीत सुजातानं पुण्याहून वाण मागवलं होतं, लाकडी कुंकवाचे करंडे. ते आलेच नाहीत. कुठे अडकले, ते मलाही, जन्मभर हेच काम केलेल्या माणसालाही, सापडलं नाही. हळदीकुंकू दुसऱ्या दिवसावर आलं. अठ्ठेचाळीस नावं. ती स्वयंपाकघरात गुळाच्या पाकाशी झगडत होती आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होती.

मी जिन्याखालची खोली उघडली. मीच उघडली. तिनं सुचवलं नव्हतं. चार खोके बाहेर काढून ओट्याशी ठेवले.

ती म्हणाली, "अहो, हे वॉल्टरचे."

"अडीच वर्षं झाली. तो काय आता नेतोय?"

"विचारलंत त्याला?"

"हो," मी म्हणालो. "विचारलंय. घ्या म्हणाला."

हे वाक्य मी कसं बोललो, ते मला अजून कळत नाही. जड गेलं नाही, हेच वाईट. चहा हवाय का म्हटल्यावर हो म्हणावं, तितक्या सहज आलं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. अशा वेळी मी स्वयंपाकघरात असतो, चहाचे ट्रे भरायला. बाहेरून हसण्याचा, बांगड्यांचा, अत्तराचा कल्लोळ येत होता. आणि मधूनच तो आवाज, बोटानं डबा वाजवल्याचा. बायका वाजवून बघत होत्या. "किती वजनदार आहे गं!" "सुजाता, यंदा अगदी लुटवलंस!" आमच्या शेजारच्या झुबेदाभाभी रत्नागिरीच्या. त्या दरवर्षी येतात. "कुंकू नको हां, वाण मात्र हक्काचा," असं म्हणून दारातूनच हात पुढे करतात. त्यांनीही डबा नेला.

रथसप्तमीच्या आत वॉल्टरचा संदेश आला. सकाळी, पोर्टच्या गेटवर गाडी उभी असताना. 'मित्रा, होणार. ऑक्टोबरात. रूथ तयार आहे. मामांनी दिवस दिला. आईचे डबे पाठवशील?'

पुढे काय झालं, ते मला फक्त हातांतून आठवतं. स्टिअरिंग गार होतं. मागचा ट्रक हॉर्न देत होता आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "यल्ला, यल्ला!"

संध्याकाळी मी आधी सुजाताला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती ताटं पुसत होती. ती पुसून झाली, रचून झाली. मग म्हणाली, "मला खोटं सांगून माझ्या हातून दुसऱ्याच्या आईचं वाटायला लावलंत." तिनं हात पदराला पुसले. "त्याला आत्ता फोन करा. माझ्यासमोर."

तिकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं, डबे किती, कुणाला, आणि मी खोटं बोललो तेही. मग घाईघाईनं म्हणालो, दुकान तेच आहे, डबा तोच मिळतो, उद्याच्या उद्या नवे घेतो, एकही कमी पडणार नाही. जन्मभर हेच केलं आहे. माल कमी भरला की बदली माल पाठवायचा.

वॉल्टरच्या मागे एक समुद्रपक्षी ओरडत होता, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"आईच्या भावाला विचारावं लागेल," तो म्हणाला. "ते माझं एकट्याचं नाही."

आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "मी दोन वर्षं वाट बघत होतो. तुमच्यातला कुणीतरी विचारेल म्हणून. कामाशिवाय बसलेला माणूस स्वतःहून उठत नाही. म्हणून तर ब्लँकेटं दिली होती."

ते दोन दिवस मी नीट जेवलो नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. कामावर मी एक कागद तीनदा वाचायचो. कपाटातलं ब्लँकेट काढून बघितलं आणि परत ठेवलं. ऐकल्याचा मोबदला. मी ऐकलं होतं, घेतलं होतं, आणि गप्प बसलो होतो. डबे हा त्यापुढचा गुन्हा. पहिला हाच.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मामा विचारतात, डबे देताना तिथे काय सांगितलं?"

"काही नाही. तिळगूळ घ्या, गोड बोला, एवढंच."

त्यानं बाजूला वळून कुणाला तरी ते सांगितलं. एक म्हातारा आवाज बराच वेळ बोलला. मग वॉल्टर म्हणाला, "ते म्हणतात, नवे घ्यायचे तर घे, पण ते तुझे असतील. ते डबे आईसाठी निवडलेले होते आणि ते गेले. आता परत मागायचे नाहीत. दिलेलं मागणं आमच्यात फार वाईट. पण त्या बायकांनी मोबदला घेतलाय आणि त्यांना काही ऐकवलेलंच नाही. अर्धंच काम झालंय. तू जा आणि सांग."

"अठ्ठेचाळीस घरांत?"

"तुझ्या बायकोनं अठ्ठेचाळीस दिले ना?"

त्यानं आवाजी संदेशात नाव पाठवलं, त्याच्या आईचं खरं नाव, अ‍ॅग्नेसच्या आधीचं, जे आता रूथ घेणार होती. ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचं आहे, आणि तोंडानं सांगायचं असतं. मधे एक अक्षर घशाच्या तळातून येतं. मी गाडीत येता-जाता आठ दिवस ते म्हणत राहिलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघायची.

"मी येणार," सुजाता म्हणाली. "वाण मी दिलंय."

तो हिवाळा आमचा असा गेला. ऑफिसातून यायचं, चहा घ्यायचा आणि दोन-तीन घरं. थकून जायचो. थकवा चालण्याचा नव्हता, दरवेळी पहिल्यापासून सुरू करण्याचा होता. 'मी खोटं बोललो' हे वाक्य पहिल्या पाच घरांत जीव घेत होतं, विसाव्या घरात ते जिभेवर गुळगुळीत व्हायला लागलं. सुजाताच्या ते लगेच लक्षात आलं. लिफ्टमध्ये म्हणाली, "पाठ झाल्यासारखं नका बोलू."

अल मन्सूरातल्या जुन्या इमारतींत जिन्यात फोडणीचा वास असतो, दारांबाहेर चपला. एक वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, डबा परत हवाय का? तसं स्पष्ट बोला ना! मी त्यात रवा भरलाय, पण काढून देते." सुजाता आणि मी एकदम 'नको, नको' म्हणालो. पुण्याच्या एका इंजिनियरच्या बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक आहे, पण आम्ही करायचं काय एक्झॅक्टली?" तिची दहा वर्षांची मुलगी सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत.

"वेट. सो द ग्रँडमा इज डेड, बट द नेम इजन्ट?"

मला यापेक्षा नीट सांगता आलं नव्हतं. पुढच्या घरांत मी तिचंच वाक्य मराठीत वापरलं.

आम्ही सांगायचो ते एवढंच: अ‍ॅग्नेस नावाची एक बाई होती. समुद्राकाठी राहायची, माशांच्या कारखान्यात डबे भरायचं काम करायची. तिचं खरं नाव हे. ते आता तिची नात रूथ घेणार आहे. तुमच्या घरातला हा डबा तिच्या नावानं होणाऱ्या जेवणातला आहे. कुणी विचारलं तर सांगा.

काही बायका हसल्या. एकीनं डबा मोलकरणीला देऊन टाकला होता. आम्ही त्या मोलकरणीला भेटलो, श्रीलंकेची होती, सुजातानं तिला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तिघी भारतात परत गेल्या होत्या, त्यांना फोन केले. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "तुमचं सगळं बरं चाललंय ना?" मी म्हणालो, "नाही." ते गडबडले आणि पाणी आणायला गेले.

सर्वांत शेवटी झुबेदाभाभी. शेजारच्या म्हणून शेवटी ठेवलेल्या, की त्या मला ओळखतात म्हणून, देव जाणे. त्यांनी ऐकून घेतलं. नाव मी आठ दिवस घोटलेलं, तरी अडखळलो. त्यांनी एकदा ऐकलं आणि ते घशाच्या तळातलं अक्षर पहिल्याच फटक्यात अचूक काढलं.

"आमच्या अरबीतला काफ तो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून पढतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढे खाली मान घालून का बसलेत? खोटा बोललात, खलास. आता खरा बोललात ना?"

 

उरलेले आठ खोके मार्चमध्ये गेले. कागदपत्रं मी स्वतः केली, दोनदा तपासली. ऑक्टोबरात वॉल्टरनं फोटो पाठवला. लाकडी सभागृह, लांबच लांब टेबलं, टॉवेलांचे ढीग, साखरेची पोती, आणि त्यांच्यात ओळीनं आपले डबे. स्टीलवर दिव्यांचे ठिपके पडलेले. एक तरुण मुलगी खांद्यावर बटणांची शाल घेऊन उभी, आणि खाली वॉल्टरची ओळ: रूथनं नाव घेतलं, सगळ्यांनी मोठ्यानं परत म्हटलं. मी फोटो बघितला, 'अभिनंदन' असं पाठवलं आणि फोन खिशात टाकला. सुजाताला दाखवला. बाकी कुणाला नाही. पुन्हा अठ्ठेचाळीस घरं फिरायची माझी तयारी नव्हती.

म्हणजे मी पुन्हा तेच केलं.

यंदाचं वाण कापडी पिशव्या. काल हळदीकुंकू झालं. मी नेहमीसारखा स्वयंपाकघरात, ट्रे भरत होतो. बाहेर तोच कल्लोळ. झुबेदाभाभींनी दारातूनच पिशवी घेतली, पण निघाल्या नाहीत. त्यांचा आवाज कल्लोळावरून सरळ आत आला.

"ओ भाऊ! ऑक्टोबर होऊन गेला. त्या पोरीनं आजीचं नाव घेतलान की नाय?"

बाहेर हळूहळू शांत झालं. मी ट्रे घेऊन दारात आलो. गेल्या वर्षीच्या बऱ्याच बायका तिथे होत्या. एकदोघी नवीन, त्या इकडेतिकडे बघत होत्या. इंजिनियरची मुलगी आईला टेकून उभी होती.

"घेतलं," मी म्हणालो. "तिनं घेतलं आणि सभागृहातल्या सगळ्यांनी मोठ्यानं परत म्हटलं. मी सांगायला हवं होतं तुम्हाला. राहिलं."

"राहिला नाय, विचारला ना मी," झुबेदाभाभी म्हणाल्या. "रोज पीठ काढताना मनात यायचा, झाला काय नाय."

मग त्यांनी ते नाव म्हटलं, काफ घशातून काढून. इंजिनियरच्या मुलीनं म्हटलं. तिच्या आईनं. नवीन आलेल्या बाईनं शेजारणीला विचारलं, "कुणाचं गं नाव?" आणि शेजारीण सांगू लागली, "अ‍ॅग्नेस म्हणून एक बाई होती, समुद्राकाठी राहायची..."

मी ट्रे धरून उभा राहिलो. तिचं सांगून होईपर्यंत चहा कुणी घेतला नाही.